तासाभराचं अंतर

विमान कंपनीने मला फसवलं. नांदेड ते कोल्हापूर एक तास, असं सांगून तिने मला तिकीट विकलं आणि भाचीच्या लग्नाच्या सकाळी नांदेडातच बसवून ठेवलं.

काचेबाहेर धावपट्टी रिकामी होती. वारा दाखवणारी कापडी पिशवी नेमकी कोल्हापूरच्या दिशेने फुगली होती. मी हळदीचा व्यापारी. ढिगात हात घातला की मला लपवलेली ओल कळते, तशी ही लबाडीही कळली. मी काउंटरवरच्या मुलीवर ओरडलो, "तुमचा तास कुठाय?"

"काका, तास विमान उडाल्यापासून धरतात. विमानच अजून मागच्या गावाहून आलेलं नाही."

नकाशावर दोन गावांमध्ये सरळ रेघ ओढता येते, पण त्या रेघेत वाट पाहणं धरलेलं नसतं. काल रात्रीच खड्डे खात बसने निघालो असतो तर पोचलो असतो. तासाभरावर तर आहोत, या भरवशावरच माणसं एकमेकांना दुरावत असावीत.

बहिणीचा फोन आला. "दादा, मुहूर्त टळतोय. भटजी थांबेनात. मामा म्हणून शेजारच्या काकांना उभं करू?"

बाप नसलेल्या त्या पोरीला बोहल्यावर मीच नेणार होतो.

"कर," मी म्हणालो.

पिशवी अजून तशीच फुगलेली होती. "उद्याच्या विमानात जागा देते, काका," मुलगी म्हणाली.

उद्या तिथे मांडवसुद्धा नसेल. भाचीच्या पाठीमागची माझी जागा मला कोण देणार? ज्याने तिकिटावर तो तास लिहिला, त्याने समोर येऊन सांगावं.