तिनं सांगायच्या आधी

ब्रह्मपुरीच्या दुकानात नवा लॅपटॉप सुरू केला तेव्हा तो एकेक प्रश्न विचारायला लागला. ठिकाण कळू द्यायचं का, फोटो एकत्र ठेवायचे का, वापराची माहिती कंपनीला पाठवायची का. मी चष्मा लावून वाचायला बसले. दुकानदार म्हणाला, "बाई, एवढं कोणी वाचते का? साऱ्याले हो म्हणाचं असते, नाईतर मशीन पुढं सरकत नाई." मग त्यानेच भराभर हो म्हटलं, सोबत आलेल्या माझ्या मुलीच्या फोनचं खातं त्यात जोडलं आणि लॅपटॉप पिशवीत घालून दिला.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. सिकलसेल हा रक्ताचा आजार आमच्या भागात फार, म्हणून लग्नाळू मुलामुलींच्या आयांना गावोगाव सांगत फिरते की पत्रिका राहू द्या, आधी रक्त तपासा. माझ्या मुलीचंही तपासलं. ती वाहक निघाली. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास होत नाही. नवराही वाहक असेल तर मात्र मूल आजारी निघू शकतं. बस, इतकंच. पण हे इतकंच कोणी शेवटपर्यंत ऐकून घेत नाही.

गडचिरोलीकडचं एक स्थळ आलं. दोघं फोनवर बोलू लागली आणि मुलगा तिला आवडला. भाजी निवडताना ती आपणहून त्याच्याबद्दल बोलायची, हे पहिल्यांदाच होत होतं. मी म्हटलं, रिपोर्टचं फोनवरच सांगून टाक.

"फोनवर नाई वं आई. तो समोर असला की मीच सांगीन. त्याचं तोंड पाहून सांगाचं आहे मले."

"होकार यायच्या आधी सांग. मग मी मधे पडत नाही."

आमच्याकडे पोहे झाले की मुलामुलीला घरामागच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर जरा फिरायला पाठवतात. तिथं सांगायचं तिनं ठरवलं होतं. शब्दही जुळवून ठेवले होते. कपडे वाळत घालताना पुटपुटायची ते मी ऐकलं होतं: "माह्या रक्तातली एक गोष्ट तुमाले सांगाची आहे. तुमीपण तपासून घ्या. मग दोघं मिळून ठरवू."

मंडळी आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामी. मामी त्यांच्या गावात आशा सेविका म्हणून काम करणारी. लॅपटॉप कोपऱ्यातल्या टेबलावर उघडाच होता. सकाळी मुलगी त्यावर काम करत होती. त्याला कोणी हात लावला नाही. बराच वेळ नुसता पडून राहिला आणि मग आपोआप एकामागून एक फोटो दाखवायला लागला.

"अरे, टीव्ही लागला!" मुलाचे वडील म्हणाले.

सिरोंच्याला गोदावरीत पाय सोडून बसलेली मुलगी. मग जीपमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेली मी.

"काऊन बाई, ड्युटीवर झोपता का?"

"नाई भाऊ. ड्युटीवर डोळे उघडे ठेवून झोपते."

सगळे हसले. मुलगा जरा जास्तच हसला आणि माझ्या मुलीकडे पाहू लागला. तेवढ्यात पडद्यावर तिचा रिपोर्ट आला. पावसाळ्यात कागद ओले होतात म्हणून तिनं फोनवर त्याचा फोटो काढून ठेवला होता. फोनमधलं सगळं लॅपटॉपमध्येही जातं हे तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात तो कागद कोणाला कळलाही नसता. मामीच्या हातून मात्र असे रिपोर्ट रोज जात होते. तिनं ताटली खाली ठेवली.

"हा सिकलसेलचा रिपोर्ट होय. नाव पोरीचंच आहे."

पडद्यावर पुढचा फोटो आला. अंगणात वाळत घातलेली मोहफुलं.

"मी आता सांगणारच होती," मुलगी म्हणाली.

"कधी? अक्षता पडल्यावर?" मुलाच्या आईनं विचारलं.

"आताच. बोडीवर."

मी विचारलं, "तुमच्या मुलाची तपासणी झाली आहे का?"

"आमच्या पोराले काय धाड भरली?" वडील म्हणाले. मुलगा ताटलीत बघत राहिला. बोडीकडे कोणी गेलं नाही. गाडीत बसताना तो एकदा मागे वळला, पण आईनं हाक मारली.

दोन दिवसांनी निरोप आला: पोरगी चांगली आहे, पण आमाले लपवाछपवी चालत नाई. वाहक असणं तिनं कधीच पचवलं होतं. लपवाछपवी हा शब्द मात्र तिला पचला नाही. कितीतरी दिवस ती जेवताना मान वर करत नव्हती.

मी एका रविवारी लॅपटॉप घेऊन बसले आणि सापडेल ते सगळं बंद केलं. प्रत्येकाखाली लिहिलं होतं, तुमच्या सोयीसाठी. तिला दाखवलं तर म्हणाली, "आता कायले?" तो फोटो आणखी कुठल्या गावच्या कुठल्या मशीनवर पडून आहे, हे मला अजूनही शोधता आलेलं नाही.

हिवाळ्यात दुसरं स्थळ आलं. माझे पोहे गॅसवर होते. मंडळी अंगणात चपला काढत होती, त्यांना पाणीसुद्धा दिलं नव्हतं. मुलगी बाहेर गेली आणि म्हणाली, "मी सिकलसेलची वाहक आहे. आता बसाचं असन तर बसा."

ती मंडळी बसली. माणसं चांगली होती. मुलानं स्वतःची तपासणी झाल्याचंही सांगितलं. पोहे झाल्यावर त्यानं हळूच तिला विचारलं, "बोडीकडे जाऊन येऊ का?"

"कायले?" ती म्हणाली. "सांगाचं होतं ते सांगून झालं."

आणि रिकाम्या ताटल्या उचलून ती आत आली.