कवडूचा बार्लो साहेब

माझा नवरा कवडू दिवसा गांधीबागेच्या कापडबाजारात गठ्ठे वाहे, अन् दिवाळी झाली की गावोगावच्या मंडईच्या जत्रेत नाटकात इंग्रज व्यापारी होये. बार्लो साहेब. पिवळा विग, गुडघ्यापर्यंत बूट, हातात चाबूक. हा साहेब एक पेटी घेऊन सुरतेच्या बंदरात उतरते, आधी कारकून होते, मग वखारीचा मालक, मग कापड कमी भरलं म्हणून विणकरायचे अंगठे छाटते. शेवटी विणकर त्याले बंदरावरच काठ्यायनं ठेचतात. लोक येत ते त्या साहेबाची ऐटीची चाल पाहाले अन् त्याचं मरण पाहाले.

मरण आवडलं की पब्लिक ‘वन्स मोअर’ ओरडे. मग मेलेला साहेब उठे अन् पुन्हा मरे. नाटकातल्या काठ्या पुठ्ठ्याच्या, पण पब्लिकच्या नाही. कोणी खुर्ची हाणली, कोणी दात पाडले. हा लेकाचा खुश. म्हणे, “मारलं म्हणजे पटलं वं त्यायले.”

औंदा एका गावात विटेनं टाळू फोडली. धंतोलीच्या डॉक्टरनं टाके घातले अन् मले बाजूले घेऊन सांगितलं, “डोक्यावर आणखी एक फटका बसला, तर माणूस हाती लागणार नाही.” मी भांडली, रडली, बूट कचऱ्यात फेकले. त्यानं ते काढून पॉलिश केले अन् उमरेडजवळ विणकरायच्या एका गावी नाटकाले गेला. मी मागंमागं गेली, पहिल्या रांगेत बसली.

पहिलं मरण नीट झालं. विणकर झालेल्या रुपरावनं पुठ्ठ्याची काठी हळूच लावली. वन्स मोअर आला तसे दोन-चार पोट्टे खऱ्या काठ्या घेऊन स्टेजवर चढले. एक फटका खांद्यावर बसला, एक बरगडीवर. हाड मोडल्याचा आवाज मले खाली ऐकू आला. मी धावत जाऊन त्याच्या अंगावर पडली. पुढचा फटका माझ्या मनगटावर आला, बांगड्या मांसात घुसल्या. मी विग उपटला अन् रक्तानं भरलेले टाके दाखवले.

“हा साहेब नाही गा. माझा कवडू आहे.”

पोट्टे मागं सरले. एका पोट्ट्याच्या हातची काठी खाली पडली. मग मागून कोणीतरी ओरडलं, “वन्स मोअर.”

माझ्याखाली कवडू हलला. माझ्या हातातून विग ओढून राहिला होता. “हो वं बाजूले,” म्हणे, “पब्लिक थांबली आहे.”

मी उठली. पडलेली काठी उचलली अन् त्याच्या गुडघ्यावर, बुटाच्या जरासं वर, जीव खाऊन हाणली. वाटी फुटेपर्यंत हाणली. पब्लिकनं टाळ्या वाजवल्या.

लंगडा साहेब कोणत्याच नाटक कंपनीले नाही चालत. गांधीबागेत आता मी जाते, साड्यायच्या घड्या घालाले. कवडू माझ्याशी बोलत नाही. पण ताट वाढलं की जेवते.