शिरपूर सोडलं

ड्रायव्हरला मुलगी द्यायची नाही, हे मी ठरवलं तेव्हा हेवी गाडीचं लायसन माझ्याच खिशात होतं. लोक हसले. हसू द्या. ज्याने आयुष्यभर मिरची खाल्ली त्यालाच विचारावं ना, तिखट किती ते?

मी चौथी शिकलो. पण धुळ्यात देवपूरला दोन मजली घर उभं केलं ते स्टेअरिंगवर. जाताना केळी न्यायची, येताना मिळेल तो माल भरायचा. या धंद्यात पैसा नाही म्हणणारा खोटारडा आहे. पैसा आहे. सुखही आहे. भरलेली गाडी घाट चढते, इंजिन पायाखाली धडधडतं, मागं मोठमोठ्यांच्या मोटारी रांगेत हॉर्न वाजवत बसतात, तेव्हा तुम्ही राजे असता. मला या धंद्याची लाज कधी वाटली नाही, आजही वाटत नाही. पण गाडी चालवणं वेगळं आणि चालवणाऱ्याची वाट बघणं वेगळं. ते दुसरं काम मी केलेलं नाही. ते बायकोनं केलं.

धुळ्याच्या ड्रायव्हरचं एक ठरलेलं वाक्य असतं, ‘शिरपूर सोडलं.’ उत्तरेकडून येताना शिरपूर सुटलं म्हणजे घर आलंच. फोन इंदूरहून असो की ग्वाल्हेरहून, घरी सांगायचं, शिरपूर सोडलं. खरं सांगितलं तर बाई रडते, पोरीच्या तापाचं सांगते, आणि मग रस्त्यावर लक्ष राहत नाही. शिरपूर सोडलं म्हटलं की ती पीठ मळायला बसते. तुम्हीही निवांत, तीही निवांत. यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही.

मुलगी शेंडेफळ. देवपूरच्याच कॉलेजात बी. कॉम. झाली. मी तिच्यासाठी आश्रमशाळेतला शिपाई बघून ठेवला होता. शिपाईच, पण कायमचा, आणि संध्याकाळी घरी येणारा. तिनं फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. तिच्या मनात अमळनेरचा एक पोरगा होता, स्वतःची गाडी स्वतः चालवणारा. त्याच्या बापानं निरोप धाडला, आम्ही येतो.

आले, ते गाडी घेऊन आले. चौदा चाकी, नवा रंग दिलेली, पुढं झेंडूची माळ. गल्लीत ती मावेना. शेजारपाजार गच्चीवर चढला. पोरगा केबिनमधून उडी मारून उतरला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, “आबा, गाडी मनी शे. मालक मीच, डायवर मीच. हप्ता जाईसन मास्तरपेक्षा जास्त सुटतस.”

पोहे मांडले होते. मी म्हटलं, पोहे थांबू द्या. घरातून टायर खोलायची लोखंडी टॉमी आणली आणि एकेक टायर ठोकत गाडीभोवती फिरलो. मागचे चांगले होते. पुढचा डावा ठोकला आणि तिथंच उभा राहिलो. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेला, रिमोल्ड. मागं चालतो. पुढं कोणी शहाणा लावत नाही. पुढचा फुटला की गाडी तुमची राहत नाही.

“झेंडूले पैसा शे,” मी म्हटलं, “टायरले नही?”

तो खाली बघायला लागला. त्याचा बाप म्हणाला, “पाव्हणे, पोऱ्याले दखा ना, टायर काय दखतस?”

“पोऱ्यालेच दखी ऱ्हायनू.” मी त्याला उन्हात उभं केलं, दोन्ही हात पुढं करायला लावले. उजवा हात खिडकीच्या उन्हानं काळा, डावा गोरा. गच्चीवरच्या बाया हसल्या. मग विचारलं, “गई दिवाळीले कोठे व्हता?”

“गाडीवर.”

“आनि त्यान्या पहिले?”

त्यानं हात मागं घेतले. मी म्हटलं, “सीटखाले जी बाटली शे, ती काढ.” त्याचं तोंड उतरलं. ड्रायव्हरला माहीत असतं कोणती बाटली. पोचायची घाई असते, लघवीला उतरायला वेळ नसतो. “काढ,” मी परत म्हटलं. त्यानं ती गल्लीसमोर, बापासमोर, काढून हातात धरली. पिवळी, अर्धी भरलेली.

त्याचा बाप पुढं आला. “तू बी डायवर ना रे? डायवर रहीसन डायवरले आंडेर नही देस? मंग कोनले देशी, कलेक्टरले?”

“शिपाईले,” मी म्हटलं. 

त्या दिवशी मी जिंकलोच होतो. गाडी वळवून ते निघाले असते. तेवढ्यात मुलगी पायरीवर आली. हातात पाण्याचा तांब्या. तिनं बापांकडे बघितलं नाही, ना त्याच्या, ना माझ्या. त्या पोराला म्हणाली, “घरी फोन कराल तेव्हा कुठे आहात ते खरं सांगाल?”

पोरगा बाटली धरून उभा. मग म्हणाला, “कायम नही सांगता येनार.”

मी हसलो. “ऐकलं ना?”

“ऐकलं,” ती म्हणाली. “आबा, तुम्ही आईला एवढं तरी कधी सांगितलं?” तिनं बाटली त्याच्या हातून घेतली, गटारीत ओतली, आणि तांब्यातलं पाणी त्याच्या हातांवर घातलं. सगळ्या गल्लीनं बघितलं. लग्न तिथंच ठरलं. मी लग्नाला गेलो, पंगतीला बसलो नाही. आता ती अमळनेरला असते.

परवा संध्याकाळी मी जेवायला बसलो होतो, तिचा फोन आला. आवाज आनंदात. “आबा, यांनी शिरपूर सोडलं. जेवायला घरी येतायत.”

“गाडी कुठं भरली?”

“दिल्लीला. काल दुपारी.”

काल दुपारी दिल्ली, आज संध्याकाळी शिरपूर. भरलेली गाडी आहे का विमान? मी मनात रस्ता मोजला. माझा अंदाज या रस्त्यावर चुकत नाही.

“पीठ भिजवलं का?”

“मळतेय.”

“झाकून ठेव. तो अजून गुनाच्या तिकडेच शे, निम्मा रस्ता बाकी शे. आज येत नही, उद्याही नही.”

ती हळूच म्हणाली, “त्यांनी तर सांगितलं...”

“सांगनारच. तुले माहीत व्हतं.”

तिनं फोन ठेवला. मी खरं तेच बोललो. पोरीला फसवत ठेवायची माझी रीत नाही.

बायको चुलीपाशी होती. कळण्याची भाकर तव्यावरून काढून तिनं माझ्या ताटात टाकली, वाढतात तशी नाही, टाकली. आणि तव्याकडे बघत म्हणाली, “माले असं सांगनारं कोनी नव्हतं.”

भाकर गरम होती. मी खाल्ली.