सात नंबरचा गर्डर

सर फोनवर ओरडले नाहीत. हळू बोलले, म्हणून जास्त भीती वाटली.

"दर्शना, सात नंबरला बहात्तर लिहिलंयस. नीट बघून लिहिलंस?"

"हो सर."

"सातच्या खालून सगळ्यांना बाहेर काढ. आत्ता. पळायचं नाही, पण थांबायचं पण नाही."

सातच्या खाली माझी ओवी झोळीत झोपलेली.

मी फोन टाकला का खिशात ठेवला ते आठवत नाही. झोळीत हात घातला, पोरीला उचललं, ती रडायला लागली, तिचं अंग तापाने गरम, आणि सगळ्यांना बाहेर चला ओरडत मी गेटपर्यंत गेले तेव्हा माझ्या पायात एकच चप्पल होती.

आता नीट सांगते. न्हावा शेव्याकडे आमचं गोडाऊन. पोर्टमधून कंटेनर येतात, माल आत उतरतो. आत लोखंडी माळा आहे, त्यावर पण माल. माळ्याला खालून बारा गर्डर, म्हणजे आडवे जाड लोखंडी बीम. इथली हवा खारी, लोखंड आतून खाते, म्हणून मालकांनी पनवेलच्या इंजिनियर सरांना तपासायला बोलावलं.

सरांनी प्रत्येक गर्डरला टोकाजवळ नखाएवढी पट्टी चिकटवली. लोखंड ताणलं की पट्टी ताणते, मग वायरने जोडलेल्या डब्यावर आकडा वाढतो. मी दहावी नापास, पण आकडे वाचता येतात. दर तासाला बारा आकडे वहीत लिहायचे, फोटो काढून सरांना पाठवायचा. हे माझं काम.

सरांच्या लॅपटॉपमध्ये आमचा माळा जसाच्या तसा काढलेला. वड्या पाडतात तसे त्याचे बारीक तुकडे केलेले, आणि कॉम्प्युटर प्रत्येक तुकड्यावर किती जोर येतो ते काढतो. त्याला मॉडेल म्हणतात. मॉडेल बोलतं इतका आकडा यायला पाहिजे, डबा बोलतो इतका आला. दोन्ही जुळले तर बरं. सातला मॉडेल नव्वद सांगायचं आणि डबा तीस. सर बोललेले, पट्टी नीट चिकटली नसेल, पुढच्या फेरीला बदलू.

आता माझी चूक.

सासूचा पाय मोडला, नवरा ट्रेलरवर, चार-चार दिवस घरी नाही. ओवीला ठेवू कुठे? गेटवर पाटी आहे, लहान मुलं आणायची नाहीत. वॉचमन आमच्याच गावचा, त्याने सोडलं. सुपरवायझर जनाभाऊ बघून न बघितल्यासारखं करायचे. सातला खालून पंख्याचं जुनं कडं होतं. त्याला दोरी, दोरीला साडी, झाली झोळी.

पहिल्याच दिवशी बघितलं, ओवी झोळीत असली की सातचा आकडा चढतो. हलवली की खालीवर नाचतो. मला वाटलं, सरांना कळलं तर नोकरी गेली. म्हणून आकडे लिहायच्या आधी मी पोरीला बाहेर काढायचे. आकडा तीसवर यायचा, लिहायचे, परत झोळीत ठेवायचे. चार दिवस असं केलं.

पाचव्या दिवशी तिला ताप. कशीबशी झोपलेली, उठवायचा धीर झाला नाही. दिसला तो आकडा लिहिला. बहात्तर. वर माल तेवढाच आणि आकडा एका तासात दुपटीच्या वर, म्हणून सरांनी लगेच फोन केला.

मी गेटवर ओवीला घेऊन उभी. जनाभाऊ डबा बघून आले.

"तीस तर हाय. काय बहात्तर लिवलंस? झोपेत व्हतीस काय?"

"जनाभाऊ, झोळी..."

"झोळीचं नाव पण काढू नको. सरांना सांग, आकडा चुकला. उद्या दोन कंटेनरचा माल वर चढवायचाय. तुझ्यापायी माझी पण वाट लागंल."

"आणि खरंच काय झालं असंल तर?"

"आठ किलोच्या पोरीनं गर्डर वाकतो काय गो? त्यावर हत्ती उभा राहील."

मला पण ते पटलं. पण मग एक गोष्ट पटेना. हत्ती उभा राहील अशा लोखंडाला माझी पोर कशी कळते?

मी सरांना फोन लावला. "सर, मला कामावरून काढा, पण आधी ऐका." सगळं सांगितलं, मधेच रडले पण. सर बोलले, "कुणाला आत जाऊ देऊ नकोस. येतो."

आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "वजन किती तिचं?"

"अंगणवाडीत केलं तेव्हा आठ किलो."

त्यांनी कॅनमध्ये आठ लिटर पाणी भरलं. स्वतः हेल्मेट घालून गेले, कॅन माझ्या साडीत ठेवला. लांबून मी डबा वाचला. अडुसष्ट. काढला, तीस. तीनदा केलं.

"पट्टी खराब नाही," सर बोलले. "पट्टी खरं बोलतेय."

मग त्यांनी लॅपटॉपमध्ये सातचं एक टोक खांबापासून सोडवलं, फक्त एका बोल्टवर ठेवलं, आणि कॉम्प्युटरला परत हिशोब करायला लावला. एकतीस आलं. त्यात आठ किलो टांगले. सत्तर आलं.

"जुळलं," सर बोलले. इतके दिवस जुळावं म्हणून थांबलेला माणूस, पण त्यांचं तोंड उतरलं. "सात नंबर माळ्याचं वजन घेतच नाहीये. ते सहा आणि आठ घेतायत. ते जास्त दाखवत होते, मी समजलो माल वाढलाय. माझी पण चूक आहे."

माळा रिकामा करून, खाली टेकू लावून शिडी चढवली. रंगाखाली चार बोल्टची डोकी दिसत होती. सरांनी स्क्रू ड्रायव्हर लावला, तर तीन डोकी तशीच हातात आली, मागे काही नाही, नुसता गंज. चौथा बोल्ट करंगळीपेक्षा बारीक झालेला.

जनाभाऊ खाली बसले. "त्यावर पोर झोपत व्हती," एवढंच बोलले.

गर्डर बदलला. सहा आणि आठचे बोल्ट पण बदलले. मला काढलं नाही, ताकीद दिली, आणि ओवीला वॉचमनच्या खोलीत ठेवायची परवानगी. सरांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं, जो दिसेल तो आकडा लिहायचा, कारण असेल तर बाजूला लिहायचं.

मी तेच करते. पण अजून सातच्या खालून जाताना मी वर बघते. चार दिवस मी पोरीला बाहेर काढून खोटा आकडा लिहिला, आणि परत नेऊन त्याच बोल्टला टांगली. ताप आला नसता तर दुसऱ्या दिवशी वर माल चढला असता.

तुमच्या घरी पोर ठेवायला कुणी नसतं, आणि गेटवर ती पाटी असती, तर पहिल्या दिवशी तुम्ही कुठला आकडा लिहिला असता?