संत्र्याची सालं

हे गेल्यापासून गच्चीतल्या खताच्या ड्रमाकडे मी फिरकले नव्हते. परवा झाकण उघडलं, तर यांनी शेवटची टाकलेली संत्र्याची सालं तशीच होती, फक्त वाळून कडक झालेली. शेजारच्या सुमनताईंनी मूठभर खत दाबून पाहिलं. त्याचा लाडू वळेना, भुगा बोटांतून गळून गेला.

"ओलच नाही हो यात. कुजणार कसं?" त्या म्हणाल्या.

हे सांगायचे, कोरड्यात कचरा कुजवणारे बारीक जीव सगळेच मरत नाहीत, पुष्कळसे निपचित पडून राहतात. सालं पचवणारा त्यांचा रसही पाण्याशिवाय पसरत नाही. घरातही तसंच झालंय. यांचा चष्मा, चपला, खुंटीवरचा सदरा, सगळं कोरडं आणि जागच्या जागी. मीसुद्धा.

पाणी शिंपडलं की सालं उरणार नाहीत, हे कळत होतं. तांब्या धरून बराच वेळ उभी राहिले. मग शिंपडलं, स्वयंपाकघरातला ओला कचरा घातला आणि सगळं खालीवर केलं.

आज सकाळी ड्रमात हात घातला. आत चक्क कोमट लागलं. या घरात माझ्याशिवाय दुसऱ्या कशाची ऊब हाताला लागून किती दिवस झाले होते. हात काढवेना.