प्रभाकरने न पाहिलेली खिडकी

कमलचा फोन आला तेव्हा मी उशांचे अभ्रे इस्त्री करत होते. कमल म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, प्रभाकरची बायको. "अक्का, हे उठंनात," एवढंच ती म्हणाली. मी इस्त्री बंद केली, हातातला अभ्रा नीट घडी करून ठेवला, गॅस पाहिला, कुलूप लावलं आणि रिक्षा पकडली. माझ्या जयनगरहून त्यांच्या पीण्याला, बंगळूरच्या त्या कारखान्यांच्या भागात, मेट्रो थेट जाते, हे मला रिक्षात बसून अर्धा तास झाल्यावर आठवलं. "स्वल्प बेगा," थोडं लवकर, असं मी ड्रायव्हरला तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा त्याने समोरच्या ट्रकांकडे बोट दाखवलं. मी पोचले तेव्हा कमलने प्रभाकरचा चष्मा काढून उशाशी ठेवला होता... या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

नील आणि तारा, माझ्या नातवंडांनो, तुम्ही दोघांनी अंत्यविधी टोरंटोहून फोनवर पाहिलात. शहरातल्या आमच्या जुन्या इंग्रजी मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब मुद्दाम आले होते. ते दोन वर्षांपूर्वीच इथे बदलून आलेले, मनाने फार चांगले. चर्चच्या जुन्या फायलीत त्यांना प्रभाकरच्या नावाचा एक कागद सापडला होता आणि तो त्यांनी थांबत थांबत वाचला. एक तरुण त्याचं मराठी करून सांगत होता. "मी एक खिडकी पाहिली. सर्जापूर रोडवरच्या उंच इमारतींत, अंधार पडताना, एकामागून एक खिडक्या उजळत होत्या आणि प्रत्येक खिडकीतून आपल्या भाषेतलं गीत ऐकू येत होतं..." लोक डोळे पुसत होते. कमलने एकदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

त्या आठवड्यात, नील, तुझा फोन आला. "आजी, प्रभाआजोबांना ते कसं दिसलं? जागे होते की स्वप्नात?" मी म्हटलं, नंतर सांगेन. मग तू म्हणालास, "मला असं काहीच दिसत नाही गं. मग मला देवाने कशासाठीच बोलावलेलं नाही का?" एकोणीस वर्षांच्या मुलाने असा प्रश्न विचारावा आणि त्याचं खरं उत्तर आपल्याला ठाऊक असावं... मी तुला म्हटलं, बाळा, कुकरची शिट्टी झाली. कुकर लावलेलाच नव्हता. म्हणून आज हे सगळं लिहिते आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीतून छापून येईल, म्हणजे ज्यांनी तो कागद ऐकला त्यांनाही कळेल.

आम्ही मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी, दारात कन्नड. मी शिकून इंग्रजीची शिक्षिका झाले. प्रभाकरचं अभ्यासात लक्ष नव्हतं, पण बिघडलेलं कुलूप दिलं की तो तासाभरात उघडून परत जोडून ठेवायचा. विसाव्या वर्षी तो माझ्यामागून बंगळूरला आला, पीण्यातल्या एका लहानशा कारखान्यात लेथवर लागला आणि तिथेच टूलरूमचा सुपरवायझर होऊन निवृत्त झाला. रविवारी आमच्याबरोबर इंग्रजी उपासनेला यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा. गीतं त्याला पाठ होती, अर्थ मात्र अर्धाच कळायचा. मी एकदा रागावून विचारलं, "अरे, मग येतोस कशाला?" तर म्हणाला, "तू ओरडतेस म्हणून."

त्याच्या कारखान्यात यल्लाप्पा नावाचा खानापूरकडचा एक फिटर होता. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्याला गावाहून फोन आला की आई गेली. बस संध्याकाळची. तोवर काय करायचं? सगळे डबे उघडे ठेवून नुसते बसून राहिले. प्रभाकर त्याच्या शेजारी जाऊन बसला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून आमची आई चुलीपाशी म्हणायची ते एक मराठी गीत तो हळू आवाजात गुणगुणू लागला. यल्लाप्पा रडला. तेराव्या-चौदाव्या दिवशी परत आल्यावर त्यानेच विचारलं, "अण्णा, त्ये गाणं परत म्हणा की." मग रोज कोणीतरी विचारू लागलं. काही आपल्यासारख्या ख्रिस्ती घरांतले होते, काही नव्हते. सगळे सीमाभागातले, भाड्याच्या एका खोलीत चौघे-चौघे राहणारे. गीत झालं की कोणी म्हणायचं माझ्या बायकोसाठी प्रार्थना करा, कोणी म्हणायचं माझ्या गुडघ्यासाठी करा.

काही महिन्यांनी तो माझ्याकडे आला. चहा निवत होता, पण कप उचलेना. "अक्का, मला वाटतंय, मला बोलावणं आलंय." आपल्या मंडळीत याला पाचारण म्हणतात. एखादं काम देवाने आपल्याच अंगावर टाकलं आहे, अशी आतून झालेली खूण. मी विचारलं, "कोणी सांगितलं तुला?" तो म्हणाला, "तेच तर. सांगितलं कोणीच नाही. पण हे सोडून दुसरं काही सुचत नाही."

मुलांनो, तुमची आजी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मी लगेच वही काढली. नवी मंडळी सुरू करायची म्हणजे कमिटीची मान्यता हवी. कमिटीला कागद लागतो, कागद इंग्रजीत लागतो आणि कमिटीची चिटणीस मीच होते. मी विचारलं, कुठे सुरू करणार? "जिथं ती माणसं आहेत तिथंच." किती लोक? "येतील तेवढे." पाच वर्षांनी काय असेल? "अक्का, मी लेथवाला आहे. पाच वर्षांचं काय सांगू?" माझी चिडचिड झाली. त्याच सुमाराला पुण्या-मुंबईहून, नागपूरहून आलेली कितीतरी तरुण जोडपी सर्जापूर रोडला राहायला आली होती. मराठी उपासनेची चौकशी करायची, शिकलेली, उत्साही. मला वाटलं, प्रभाकरच्या मनात आहे ते खरं उभं राहील तर तिथे. पीण्यातल्या जेवणाच्या सुट्टीवर कमिटी काय मान्यता देणार? मी त्याला तसं पटवलं. पटवलं म्हणजे तो गप्प बसला आणि मी ते होकार धरून लिहिलं.

कागद छान झाला. मुलांना निबंध शिकवताना मी सांगायची, की मुद्दा डोळ्यांसमोर उभा राहिला पाहिजे. म्हणून सुरुवातीला मी ती खिडकी घातली. वाचून दाखवलं तेव्हा प्रभाकर म्हणाला, "पण मी खिडकी बघितली नाही, अक्का."

"अरे, ती लिहायची पद्धत असते."

"लोकांना वाटेल, खरंच दिसली."

"कोणाला वाटणार नाही. सगळे शिकलेले लोक आहेत."

शिकलेल्या लोकांनाच ते वाटलं. कमिटीतले एक वयस्कर डॉक्टर उभे राहून म्हणाले, आपल्यातल्या साध्या कामगाराला देवाने दृष्टान्त दिला. बाकीच्यांनी आमेन म्हटलं. प्रभाकरने माझ्याकडे पाहिलं. मी इतिवृत्त लिहीत होते, म्हणून मान खाली होती. त्या घटकेला एक वाक्य बोलले असते तर हसण्यावारी गेलं असतं सगळं...

सर्जापूर रोडच्या एका क्लब हाउसमध्ये दर रविवारी संध्याकाळी मराठी उपासना सुरू झाली. प्रभाकर दोन बस बदलून पीण्याहून तिथे जायचा. तीसेक जण येत. मुलं लाघवी होती. घरापासून लांब एकटी पडलेली होती, त्यांचीही तहान खरी होती. पण नवीन कोणी आलं की ठरलेलं असायचं. "काका, तुमची ती विंडोवाली गोष्ट सांगा ना, प्लीज." तो म्हणायचा, आधी गीत घेऊ. गीतानंतर म्हणायचा, आता मुलांची झोपायची वेळ झाली. त्याने ती गोष्ट एकदाही सांगितली नाही, आणि त्यामुळे लोकांना तो आणखीच नम्र वाटू लागला. इकडे पीण्यातल्या माणसांना रविवारी तो भेटेना, आणि हळूहळू सुट्टीतलं गाणंही बंद पडलं. यल्लाप्पाने त्याला एकदा तोंडावर ऐकवलं, "काय अण्णा, लिफ्टवाल्या लोकांत गेलासा, आता आमी कशाला दिसतोय!"

वर्षभराने तो माझ्याकडे आला. चांगला वाळला होता. म्हणाला, "अक्का, त्या मुलांना कोणीतरी पाहिजे, हे खरंय. पण ते कोणीतरी म्हणजे मी नव्हे. मी हे थांबवणार."

"कमिटीला काय सांगशील?"

"खरं काय ते."

मी म्हटलं, "म्हणजे माझं नाव येणार."

त्याने उठून चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला, "बघू."

कमिटीपुढे त्याने उभ्या उभ्या दोन वाक्यं सांगितली. जे मी पाहिलं असं लिहिलंय, ते मी पाहिलं नव्हतं. चूक माझी आहे, मला माफ करा. मोडक्या इंग्रजीत, हात मागे बांधून. डॉक्टरांनी विचारलं, "मग लिहिलंत कशाला?" तो म्हणाला, "तेव्हा बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही." कोणी पुटपुटलं, देवाच्या नावाने खोटं. दुसरं कोणी म्हणालं, या लोकांना मोठं काम देऊच नये. मी टेबलाच्या टोकाला बसले होते. माझ्या सुवाच्य अक्षरात मी लिहिलं, की श्री. प्रभाकर यांनी आपलं विधान मागे घेतलं आणि कमिटीने पाठिंबा काढून घेतला. खाली सही केली. ते रजिस्टर वेगळ्या कपाटात गेलं, कागद फायलीत राहिला. कमिटीतले बहुतेक जण आता हयात नाहीत, दोघे मुलांकडे परदेशी आहेत. म्हणून नव्या पाळकसाहेबांना कोणी सांगणारं उरलं नाही. माझ्याशिवाय.

त्यानंतर काही वर्षं कमिटीतली माणसं त्याला मागून 'खिडकीवाला' म्हणत. तो शेवटच्या बाकावरून उठला तो कायमचाच. मला एकदाही तो टाकून बोलला नाही. एकदाच, नाताळात माझ्याकडे करंज्या खाताना म्हणाला, "तुझं इंग्रजी भारी हं अक्का. दोन-तीन महिने मलाच वाटायला लागलं होतं, दिसली असेल बाबा खिडकी." तो हसला. मीही हसले, आणि आत जाऊन उगीच डबे पुसत उभी राहिले.

पीण्यात त्याने पुन्हा जेवणाच्या सुट्टीपासून सुरुवात केली. पुढे कारखान्याशेजारच्या एका वर्कशॉपच्या माडीवरची खोली मिळाली. आज तिथे रविवारी साठेक माणसं जमतात, मराठीत आणि कन्नडमध्ये आळीपाळीने गातात, आणि गेली पाच वर्षं ती रीतसर मंडळी आहे. मी तिथे मोजून तीनदा गेले असेन, तेही पाहुणीसारखी. एकदा मी त्याला तुझाच प्रश्न विचारला होता, नील. तुला कळलं कसं, की हेच ते? तो म्हणाला, "तुला वाटतं मोठा आवाज येतो. मला तसलं काही झालं नाही. डबा उघडला की आज कोण नाही आलं, तेवढं माझ्या लगेच ध्यानात यायचं. आणि मग घास जायचा नाही." एवढंच. हे मी त्या कागदावर लिहिलं असतं तर कमिटीने मान्यता दिली असती की नाही, ठाऊक नाही. पण ते त्याचं असतं.

तीन रविवारांपूर्वी मी पीण्याला गेले. उपासना संपल्यावर उभी राहिले. दोन ओळी लिहून नेल्या होत्या, त्या वाचता आल्या नाहीत. मी सांगितलं, की तो कागद माझा होता, खिडकी माझी होती, आणि भावाने ते स्वतःवर घेतलं तेव्हा मी तिथेच बसून गप्प होते. मग यल्लाप्पा मागून म्हणाला, "अक्का, आमाला तवाच वाटलं, कायतर घोळ हाय. अण्णाला खिडकीचं येड असतं तर ही खोली घेतली असती व्हय? हिला एक बी खिडकी न्हाई." लोक हसले. कमल हसली नाही. जिन्यात माझ्या हातात चहाचा कप देत म्हणाली, "बारा वर्षं लागली तुम्हाला." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "साखर बरी आहे का?"

पाळकसाहेबांनाही मी लिहून कळवलं. ते म्हणाले, मी पुढच्या रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवतो. मी म्हटलं, वाचायला मीच येते. त्या रविवारी वाचून आले, इंग्रजीत, तशाच सुवाच्य अक्षरातून.

आणि परवाच्या रविवारी पुन्हा पीण्याला गेले, या वेळी अर्धा तास आधी. कमलकडून कळलं होतं, की खालच्या वर्कशॉपमधला लोखंडाचा कीस लोकांच्या चपलांना चिकटून वर येतो. आपली माणसं तिथे जमिनीवर बसतात, अनवाणी. झाडूने तो कीस नीट निघत नाही, फटींत बसतो. म्हणून प्रभाकरने एका जुन्या काठीला मोठं लोहचुंबक बांधलं होतं, वरून फडकं गुंडाळून, आणि दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन तो ते जमिनीवरून ओळीने फिरवायचा. मला वाटलं होतं, आता ते कोपऱ्यात पडून असेल, आपण करावं.

माडीवर गेले तर यल्लाप्पा वाकून तेच करत होता. फडक्यावर काळी बारीक लव दाटली होती. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "उशीर केलासा, अक्का. अर्धं झालं बी." मग फडकं कागदावर झटकून काठी माझ्या हातात दिली. मी चपला दाराबाहेर काढून आले आणि विचारलं, "कुठून सुरू करू?"

"त्या भिंतीकडनं. तिकडं रांगती पोरं असत्यात."