राहिलेल्या भाऊबिजा

न्यायमूर्ती केशवराव आंबर्डेकर यांना मी पहिल्यांदा पाहिले ते पाटावर बसलेले. मी पाच-सहा वर्षांची असेन. बनारसला दुर्गाघाटच्या आमच्या भाड्याच्या घरात आई त्यांना ओवाळत होती आणि त्यांचे लक्ष करंज्यांच्या ताटाकडे होते. आईला सख्खा भाऊ नव्हता, समोरच्या घरातल्या केशवरावांना बहीण नव्हती; दोन्ही घरांच्या आयांनी हे नाते लहानपणीच जुळवून टाकले होते. गल्ली एवढी अरुंद, की त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका आम्हाला लागायचा. अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात सगळे त्यांना न्यायमूर्ती म्हणतील, आणि ते योग्यच आहे. आमच्या घरात मात्र ते बंडूमामा.

वकिलीची सनद मिळाल्यावर मी प्रयागला, हायकोर्टात, त्यांच्याच हाताखाली उमेदवारी केली. तिथे मामा नव्हते, साहेब होते. भाचीलाही ‘तुम्ही’ म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक प्रकरण वाचायला दिले आणि आपली बाजू राहू दे, समोरच्याची मांडा, असे सांगितले. मी दोन वाक्यांत उरकले. “वकीलबाई, अशी मांडा, की समोरच्या पक्षकाराला वाटावं, हिलाच वकील करायला हवं होतं,” ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत मी मांडतच होते. घसा बसला तेव्हा त्यांनी स्वतः आल्याचा चहा करून आणला.

ते न्यायमूर्ती झाले तेव्हा मी बनारसच्या कचहरीत काम करू लागले. न्यायासनावरही त्यांची रीत तीच राहिली. निकालपत्रात हरणाऱ्याचे म्हणणे आधी, आणि तेही सविस्तर. त्यांच्यासमोर हरलेले एक म्हातारे पक्षकार मला एकदा म्हणाले, “हार तो गए बिटिया, लेकिन बात पूरी सुनी गई.” ते मी साहेबांना सांगितले, तर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

त्यांची नेमणूक झाली तेव्हा गल्लीने पेढे वाटले. आमच्या घरात मात्र काळजी होती. घरमालकाला घर रिकामे करून हवे होते. खालच्या कोर्टात आम्ही जिंकलो होतो आणि मालक हायकोर्टात गेले होते. हे प्रकरण आपल्यासमोर येऊ नये, असे साहेबांनी हायकोर्टाच्या कार्यालयाला लगेच कळवून टाकले. खरे तर तेवढे पुरे होते. पण ऐकतील तर ते साहेब कसले! त्यांनी आमच्याकडे येणेच बंद केले. दिवाळीला समोर स्वतःच्या घरी येत, खिडकीतून आईला हात जोडत आणि आत जात. भाऊबिजेला मांडलेला पाट तसाच राही. एवढ्या कडक सोवळ्याची गरज नव्हती, असे माझे आजही मत आहे, आणि गौरवलेखात ते लिहायला साहेबांची हरकत नसेल.

आई फार दुखावली होती. “आपण काय चोर आहोत? एक करंजी खाल्ल्याने कुणाचा फैसला बदलतो का?” ती मला विचारी. गल्ली म्हणे, बंडू जज झाला नि बहिणीला विसरला. एका दिवाळीत आईने आमची त्या बाजूची खिडकी लावून घेतली, ती पुन्हा उघडलीच नाही.

प्रकरण वर्षानुवर्षे चालले. साहेब निवृत्त झाले त्याच उन्हाळ्यात निकाल लागला आणि आम्ही हरलो. कायदा मालकाच्या बाजूने होता, हे मला कळत होते. आईने तुळशीची कुंडी स्वतः उचलली आणि आम्ही मंगला गौरीच्या देवळाजवळ दोन खोल्यांत राहायला आलो. आता तरी ते येतील असे वाटले. आले नाहीत. सुप्रीम कोर्टातल्या अपिलाची मुदत संपायची होती ना!

मुदत दिवाळीच्या आधी संपली. भाऊबिजेच्या सकाळी साहेब आमच्या नव्या दारात उभे. हातात मिठाईचा पुडा, आणि चेहरा पहिल्यांदा कोर्टात उभ्या राहिलेल्या वकिलासारखा.

“ताई, आत येऊ?”

आई स्वयंपाकघरातून हलली नाही. “कौन है? आमच्या ओळखीचं तर कुणी इकडे येत नाही.”

“ताई, तुझं घर गेलं. फार वाईट वाटलं गं. रोज वाटायचं, जाऊन यावं. येता आलं नाही.”

आतून भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने आई तबक घेऊन बाहेर आली. “बस आता. खड़े-खड़े ओवाळू का?”

मी पाट मांडला. आईने कुंकू लावले, ओवाळले आणि तबक त्यांच्यापुढे धरले. “साडी-बिडी काही नको. ओवाळणीत एवढंच घाल, पुन्हा जज होऊ नकोस.”

साहेब हसायला लागले आणि हसता हसता त्यांना रडू आले. “नाही होणार, ताई,” ते म्हणाले.

पुढच्याच वर्षी एका न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे चालून आले. फोन आला तेव्हा मी त्यांच्यासमोरच बसले होते. साहेबांनी आभार मानून नकार दिला. पलीकडून बहुधा तब्येतीची चौकशी झाली असावी. “तबीयत बिल्कुल ठीक है,” साहेब म्हणाले, “बहन को ज़बान दे चुका हूँ.”

मामा, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, असे मी माझ्याकडून लिहिते. आईला विचारले, तुझ्याकडून काय लिहू? ऐंशीला टेकलेली आई म्हणाली, “लिही, माझ्या किती भाऊबिजा राहिल्यात. त्या सगळ्या भरून निघेपर्यंत त्याने कुठे जायचं नाही. मीही जात नाही.”